सुट्टीतली नावेची फेरी दुपारी एकपर्यंतच!



शाळांना सुट्ट्या लागल्या. इंदूर, धार, देवास, कुणाचे थेट पुणे-नाशिकहून पाहुणे गंधवानीला यायला लागले. भाचे-पुतणे आले की पहिला हट्ट एकच, "मामा, नावेत बसव." मोठी माणसं फोनवर विचारतात, "दादा, रविवारी येतोय, पाऊस आहे का?" आपण मोबाईल उघडतो, त्यावर '२० टक्के' दिसतं. आपण सांगतो, "काही नाही, या बिनधास्त." आणि दुपारी जेवणं आटोपून, ऊन थोडं कललं की चार-पाच वाजता सगळ्यांना नावेत घालून निघतो.

माझं म्हणणं या चार-पाच वाजताच्या फेरीबद्दल आहे. उन्हाळा संपेपर्यंत ती बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुणे, बायका-मुलं यांना घेऊन नाव पाण्यात घालायची तर ती सकाळी, आणि दुपारी एकच्या आत सगळे काठावर परत. अंदाज काहीही असो, आकाश कितीही स्वच्छ असो. काही जणांना हे जास्त वाटेल. म्हणून कारणं सविस्तर लिहितो, पूर्ण वाचा आणि मग बोला.

आधी एक घडलेली गोष्ट. २१ मे २०२४, मंगळवार. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातलं कळाशी, ही गावं उजनी धरणाच्या पाण्याच्या दोन काठांवर आहेत. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून लोक होडीनेच ये-जा करतात. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास सात जण होडीत होते. मधेच वादळी वारं सुटलं, लाटा उठल्या, होडीत पाणी शिरलं आणि होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. बाकी सहा जण गेले. त्यात दोन अगदी लहान मुलं होती. एनडीआरएफची पथकं आली, शोध दोन दिवस चालला.

ही काही भर पावसाळ्यातली गोष्ट नाही. पूर नव्हता, धरणाचे दरवाजे उघडले नव्हते. मे महिना, सुट्टीचे दिवस, रोजचं पाणी, रोजची वाट. म्हणजे आत्ता आपल्या माण धरणाच्या पाण्यावर जे आहे तेच सगळं. फरक पडला तो तास-अर्ध्या तासाच्या वाऱ्याने.

आता हे वारं येतं कुठून ते बघू. उन्हाळ्यात सकाळी आकाश निरभ्र असतं. जमीन तापत जाते आणि दुपारी दोन-तीनला सगळ्यात जास्त तापते. त्या वेळी अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून थोडी जरी दमट हवा आलेली असली, तरी ती तापून वर चढते आणि तासा-दोन तासांत ढग उभा राहतो. असा ढग १२ ते १५ किलोमीटर उंच जातो. सकाळी दहाला ज्याचा पत्ता नव्हता तो चारला डोक्यावर असतो. म्हणून वळवाचा पाऊस बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळी येतो.

आता नाववाल्याच्या कामाची गोष्ट. त्या ढगातून पाऊस सुटला की खालची हवा कोरडी असल्याने बरेचसे थेंब वाटेतच वाळतात. पाणी वाळलं की हवा गार होते, गार हवा जड असते, ती धाडकन खाली आपटते आणि चारी बाजूंना पसरते. यालाच आपण आंधी म्हणतो. ती पावसाच्या आधी पोचते. ढग दहा किलोमीटर लांब असला, आपल्या पाण्यावर थेंबही नसला, तरी वारं येऊन धडकतं. कधी कधी तर पाऊस पडतच नाही, नुसती धूळ आणि वारा. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर मोठा होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ते दुपारचं धुळीचं वादळच होतं.

म्हणजे "पाऊस आहे का?" हा प्रश्नच आपल्या उपयोगाचा नाही. पावसाने माणूस भिजतो. नाव उलटते ती वाऱ्याने. आपण विचारायचं ते, "आज मेघगर्जना आणि सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आहे का, आणि कधी?"

आता त्या '२० टक्क्यां'कडे येऊ. याचा अर्थ पाऊस थोडा पडेल असा नाही. दिवसाच्या पाचव्या भागात पडेल असाही नाही. अशा दहा दिवसांपैकी साधारण दोन दिवस आपल्या ठिकाणी पाऊस होतो, इतकाच अर्थ. ऐकायला दोन कमी वाटतात. पण सुट्टीत तुम्ही एकच दिवस नाव काढत नाही. ढोबळ हिशेब करा. रोज २० टक्के शक्यता असलेल्या दहा दुपारी तुम्ही पाण्यावर गेलात, तर दहाही दुपारी कोरडं परत येण्याची शक्यता जेमतेम दहात एक आहे. म्हणजे कधी ना कधी गाठ पडणारच. बिनधास्त सांगण्यासारखा हा आकडा नाही.

दुसरा शब्द बघा. हवामान खात्याच्या बातमीत 'तुरळक ठिकाणी' असं येतं. पुष्कळ लोक त्याचा अर्थ तुरळक पाऊस, म्हणजे शिंतोडे, असा लावतात. तसं नाही. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के. बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५, आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याहून जास्त. हा शब्द जागा किती ते सांगतो, जोर किती ते सांगत नाही. 'तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह' म्हणजे धार जिल्ह्यात थोड्याच जागी येईल, पण जिथे येईल तिथे पुरेपूर येईल. वळवाचा स्वभावच तसा आहे. मनावरला झोडपतो आणि गंधवानीला ऊन असतं. कधी उलटं.

"दादा, वीस तारखेला बेत ठरवतोय, त्या दिवशी दुपारी पाऊस असेल का?" असंही लोक पंधरा दिवस आधी विचारतात. मोबाईलमधलं ॲप पंधरा दिवसांचं चित्र दाखवतं, तासाप्रमाणेसुद्धा दाखवतं. त्यावर विश्वास ठेवून बेत करू नका. जो ढग त्या दिवशी दुपारी जन्माला येणार, त्याची जागा आणि वेळ पंधरा दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. चार-पाच दिवस आधी एवढं कळतं की हवा वादळाला अनुकूल आहे की नाही. नक्की कुठे आणि कधी, हे रडारवर ढग दिसल्यावरच, म्हणजे दोन-तीन तास आधी.

त्यामुळे पाहुण्यांना उत्तर एकच द्यायचं. कोणत्याही तारखेला या, पण मुक्कामाला या आणि सकाळी सहा-सातला काठावर या. मे संपत आला आणि जून लागला की वळवाच्या दुपारी वाढतात. आपल्याकडे पावसाळा साधारण जूनच्या मध्याच्या सुमारास येतो, त्याआधीचे दोन-तीन आठवडे जास्त धोक्याचे. त्यामुळे जमत असेल तर मेच्या सुरुवातीला बोलवा.

आता आपल्या धंद्याचं बोलू. काही नावमालक म्हणतील, "सचिव साहेब, पाहुण्यांचं ठीक आहे, पण आम्ही जाळं कधी लावायचं? जाळं संध्याकाळीच लागतं." बरोबर आहे. उन्हाळ्यात दिवसभर जाळं पाण्यात ठेवलं तर अडकलेला मासा कोमट पाण्यात खराब होतो. म्हणून संध्याकाळी लावायचं आणि पहाटे काढायचं. त्यात १६ जून ते १५ ऑगस्ट बंदी. म्हणजे बंदीआधीचे हे शेवटचे दिवस, पाणी उतरलेलं, मासा गोळा झालेला, दोन पैसे मिळायची हीच वेळ. हे मला कळतं, घरं यावरच चालतात. म्हणून सभासदांनी दुपारनंतर पाण्यावर जायचंच नाही असं मी म्हणत नाही.

मी दोन वेगळे नियम मागतोय. पाहुण्यांसाठी घड्याळाचा नियम, आणि आपल्यासाठी अंदाज बघून निर्णय. कारण सरळ आहे. सभासद पोटासाठी जातो, त्याला पाणी माहीत आहे, पोहता येतं, किती धोका घ्यायचा ते तो स्वतः ठरवतो. सहा वर्षांचा भाचा काही ठरवत नाही. तो मामावर विश्वास ठेवून बसतो. त्याच्या वतीने '२० टक्क्यां'चा जुगार खेळायचा आपल्याला अधिकार नाही.

पैशाचंही सांगून ठेवतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या सामूहिक अपघात विम्यात नोंदणी झालेल्या मच्छीमाराचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख रुपये मिळतात. हा विमा मच्छीमाराचा आहे. तुमच्या नावेत बसलेल्या पाहुण्याला तो लागू नाही. आणि पैसे घेऊन फेऱ्या मारण्याचा विचार कुणी करत असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे. मासेमारीची नाव प्रवासी नाव होत नाही. त्यासाठी परवानगी लागते, ती नसेल तर तो विषयच काढू नका.

"आमचे वाडवडील आकाश बघून सांगायचे, त्यांना कुठे मोबाईल होता?" असंही कुणी म्हणेल. वाडवडिलांची नजर खरीच होती आणि ती आजही कामाची आहे. सकाळपासून अंगाला चिकटणारी उकाड्याची हवा, दुपारी अचानक पडलेलं वारं, फुलकोबीसारखा वर वर चढणारा ढग, त्याचा काळपट सपाट तळ, मग एकदम आलेली गार झुळूक. ही गार झुळूक लागली की लोक म्हणतात, "वा, बरं वाटलं." नाववाल्याने मात्र त्याच क्षणी काठ गाठायचा. ढगातून सुटलेलं वारं पोचल्याची ती खूण आहे. पण आपलं पाणी डोंगरांमध्ये आहे. ढग डोंगराआड असला तर तो डोक्यावर येईपर्यंत दिसत नाही. तिथे नजर कमी पडते, आणि रडार डोंगरापलीकडचंही बघतं. म्हणून दोन्ही वापरायचं.

एक मोठी तक्रारही मांडतो. समुद्रावरच्या मच्छीमारांसाठी हवामान खातं रोज वेगळा इशारा काढतं. कुठल्या पट्ट्यात जाऊ नका, वारा किती असेल, सगळं सांगतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचा अंदाज देते. ते हवंच. पण धरणाच्या पाण्यावर काम करणाऱ्या माणसासाठी असा वेगळा इशारा नाही. आपण कोकणातले नाही म्हणून आपलं पाणी माणूस बुडवत नाही, असं थोडंच आहे? तीन तासांचा जो वादळाचा इशारा निघतो, तो मत्स्य विभागाने प्रत्येक जलाशयाच्या संस्थेला थेट फोनवर पाठवावा, अशी मागणी आपण लेखी करायला हवी. यात मोठा खर्च नाही. इशारा आधीच तयार असतो, तो फक्त योग्य माणसापर्यंत पोचत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? तीन गोष्टी फोनमध्ये ठेवा. हवामान खात्याचं 'मौसम' ॲप, त्यात जिल्ह्याचा इशारा रंगात दिसतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. दुसरं 'दामिनी', हे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने वीज कुठे पडते आहे ते दाखवण्यासाठी केलं आहे, तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज असेल तर सांगतं. तिसरं 'सचेत', राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. घरातल्या शिकलेल्या पोरांना सांगा, सुट्टीच आहे, सगळ्यांच्या फोनवर बसवून द्या आणि लोकेशन चालू करून द्या. रोज दुपारी तीनला एकाने बघायचं आणि ग्रुपवर टाकायचं. काठावर रेंज मिळते, पाण्याच्या मधोमध मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून नाव सोडण्याआधी बघायचं, नंतर नाही.

फोन नसला तरी एक साधं गणित आहे. वीज चमकली की आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडा, काठाला लागा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबा, मगच परत पाण्यात. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो, हे विसरू नका. विजेने मरणाऱ्यांच्या नोंदीत आपला मध्य प्रदेश देशात कायम वरच्या नंबरात असतो. काठावर आल्यावरही एकट्या झाडाखाली उभे राहू नका. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा.

आणि वाऱ्याने पाण्यातच गाठलं तर? जाळ्याचा मोह सोडा. दोरी कापा, जाळं नंतर सापडतं. नावेचं तोंड लाटेकडे ठेवा, लाट आडवी घेऊ नका. कुणीही उभं राहू नका, सगळ्यांनी तळाशी बसा, एका बाजूला गोळा होऊ नका. जवळचा काठ कुठलाही असो तिथे लागा, आपल्याच घाटावर जायचा हट्ट नको. घाटावर चालत येता येतं.

तर येत्या सभेत मी हे ठेवणार आहे:

१. १५ जूनपर्यंत पाहुणे आणि मुलं असलेली कोणतीही नाव दुपारी एकनंतर पाण्यात असणार नाही. अपवाद नाही, सचिवाच्या पाहुण्यांनाही नाही.

२. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट संस्थेने घ्यावीत आणि घाटावर ठेवावीत. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर निघून जातं. जॅकेट नसेल तर सकाळचीही फेरी नाही.

३. नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी संध्याकाळी जाळं लावायला कुणीही जाणार नाही. पिवळ्या दिवशी तीन वाजताचा इशारा बघून, काठाजवळच लावायचं, आणि एकट्याने जायचं नाही.

४. मत्स्य विभागाला इशाऱ्यासाठी अर्ज.

तिसऱ्या नियमाने काही संध्याकाळी बुडतील हे खरं. पण नारिंगी-लाल दिवस सुट्टीभरात मोजकेच असतात. दोन-चार रात्रींचा मासा गेला तर तो पुढे कधीतरी भरून निघतो. आणि ज्या दिवशी इशारा असून वादळ आलं नाही, त्या दिवशी "बघा, उगाच थांबवलं" असं म्हणू नका. दहात दोनचा अर्थच हा की आठ वेळा काही होणार नाही. ते आठ दिवस बघूनच माणूस बेफिकीर होतो.

बायकांना माझी खास विनंती आहे. घाटावरचा नियम पुरुष मंडळी कधी कधी भिडेखातर मोडतात. पाहुणे लांबून आलेत, नाही कसं म्हणायचं, असं होतं. तुम्ही घरातूनच सांगा, "पहाटे उठा, चहा घेऊन घाटावर जा, नाहीतर उद्या." पोरांना नावेची मजा सकाळीच जास्त येते. ऊन नसतं, पाणी शांत असतं, जाळ्यातून निघणारा रोहू-कटला डोळ्यासमोर बघायला मिळतो. दुपारी आमरस खाऊन झोपू द्या त्यांना.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहा, सभेतही बोला. पण कारण द्या. "आजवर काही झालं नाही" हे कारण धरलं जाणार नाही. २१ मे २०२४ च्या दुपारपर्यंत उजनीच्या काठावरही रोज होड्या सुखरूपच येत-जात होत्या.

ही पोस्ट आपल्या नातेवाइकांना, खास करून सुट्टीत येणार असलेल्यांना, पाठवा. येण्याआधीच वाचलेली बरी.

आपला,
सचिव